‘६ए म्हणजे वरची शाळा’? टेक्सासच्या फुटबॉल गटांबद्दल फिरणाऱ्या एका मजकुराला उत्तर

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लेनो, ॲलन या पट्ट्यात बरीच मराठी कुटुंबं राहतात. घर घ्यायचा हंगाम आला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हमखास येतो. ‘६ए’, ‘५ए’ हे इथल्या हायस्कुलांचे स्पर्धांसाठी पाडलेले गट. मजकुराचे शब्द थोडेफार बदलतात, पण गाभा हाच: “मुलांसाठी ६ए शाळेच्या हद्दीतच घर घ्या, ५ए म्हणजे दुय्यम. फुटबॉलमध्ये जिंकत राहिलेली शाळा वर चढते, हरणारी खाली येते. प्लेऑफमध्ये डिव्हिजन वन खऱ्या दादा संघांची आणि डिव्हिजन टू उरलेल्यांची. शिवाय शाळा पटाचे आकडे हवे तसे दाखवून सोयीचा गट मिळवतात. मुळात मुलांची डोकी मोजून खेळाचे गट पाडणंच चुकीचं आहे.”

माझी दोन्ही मुलं इथल्याच सरकारी हायस्कुलांत शिकली. सहा वर्षं शुक्रवारची प्रत्येक संध्याकाळ मी अमेरिकन फुटबॉल बघत स्टेडियमच्या बाकड्यावर काढली आहे. या मजकुरावर विसंबून एका तरुण जोडप्यानं ऐपतीबाहेरचं कर्ज काढायचं जवळजवळ ठरवलं होतं, तेव्हा मला राहवलं नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा दर्जाचा. टेक्सासमध्ये शालेय खेळ, वादविवाद, एकांकिका, बँड यांच्या स्पर्धा यूआयएल, म्हणजे युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग, घेते. १ए ते ६ए हे गट ती पाडते, आणि त्यासाठी नववी ते बारावीत किती मुलं आहेत एवढंच पाहते. २०२४ ते २०२६ या दोन वर्षांसाठी २२७५ किंवा जास्त पट असलेली शाळा ६ए, १३१५ ते २२७४ असेल तर ५ए, आणि असंच खाली उतरत शंभरेक मुलांच्या गावच्या शाळेपर्यंत, ती १ए. शिक्षक कसे आहेत, निकाल कसा लागतो, किती मुलं चांगल्या कॉलेजात जातात, यातलं काहीही या गणितात नसतं. शाळेच्या कामगिरीला श्रेणी देणारं खातं वेगळं आहे, टेक्सास एज्युकेशन एजन्सी, आणि ती ए ते एफ अशी अक्षरं वापरते. गोंधळ बहुधा इथूनच होतो. दोन्हीकडे ‘ए’ आहे, पण श्रेणीतला ए म्हणजे उत्तम आणि ६ए मधला ए म्हणजे नुसता गटाचा शिक्का. पूर्वी तर हे गट एए, एएए असे ए च्या ओळी लावून लिहीत.

हा शिक्का किती वरवरचा आहे याचं उदाहरण आमच्या शेजारीच आहे. २०१४ पर्यंत सगळ्यात वरचा गट ५ए होता. त्या वर्षी यूआयएलनं गटांची नावं एकेक पायरी सरकवली आणि ६ए जन्माला आला. ॲलन हायस्कूलनं २०१३ चं राज्य विजेतेपद ५ए मध्ये जिंकलं आणि २०१४ चं ६ए मध्ये. शाळा तीच, इमारत तीच. बदललं ते फक्त गटाचं नाव.

फ्रिस्कोचं उदाहरण तर या मजकुराच्या बरोबर उलट जातं. तिथल्या शाळा मंडळानं वर्षानुवर्षं एक धोरण मुद्दाम सांभाळलं आहे: मोठमोठी हायस्कुलं बांधायची नाहीत, प्रत्येक शाळा साधारण २१०० मुलांपुरती ठेवायची आणि गरज पडली की नवी शाळा उघडायची. म्हणूनच या एकट्या मंडळाची आज बारा हायस्कुलं आहेत. यामागचा विचार साधा आहे. शाळा लहान असेल तर संघात, बँडमध्ये, नाटकात, विद्यार्थी मंडळात जास्त मुलांना जागा मिळते. २१०० हा आकडा २२७५ च्या खाली येतो, त्यामुळे या शाळा ५ए मध्ये दिसणार हे उघड आहे. ज्या गोष्टीसाठी पालकांनी ही शाळा निवडावी, तीच गोष्ट मजकुरात कमीपणा म्हणून सांगितली जाते. माझी धाकटी टेनिसच्या संघात आली ती अशाच एका शाळेत. पाच हजार मुलांच्या शाळेत तिला नुसतं रॅकेट धरून उभं राहायलाही जागा मिळाली नसती, आणि हे मी तिच्या खेळाची किंमत कमी करून म्हणत नाही.

दुसरा मुद्दा जिंकून वर चढण्याचा. युरोपातल्या फुटबॉल (म्हणजे सॉकर) लीगमध्ये असं होतं, त्यामुळे तो पटकन पटतो. टेक्सासमध्ये तसं काही नाही. फोर्ट वर्थजवळच्या अलेडो हायस्कूलच्या नावावर १२ राज्य विजेतेपदं आहेत, राज्यातली सर्वाधिक. २००९, २०१०, २०११ अशी लागोपाठ तीन, मग २०१८, २०१९, २०२० अशी पुन्हा तीन, त्यानंतर २०२२ आणि २०२३. जिंकल्यामुळे वर जायचं असतं तर हा संघ केव्हाच ६ए मध्ये गेला असता. २०२३ चं विजेतेपदही त्यानं ५ए मध्येच घेतलं, कारण पट तेवढाच होता.

डॅलस परिसरातल्या हायलँड पार्क हायस्कूलची गोष्ट याहून बोलकी आहे. २०१६, २०१७, २०१८ अशी तीन वर्षं ओळीनं या शाळेनं ५ए डिव्हिजन वनचं विजेतेपद पटकावलं आणि तरीही ती ५ए मध्येच राहिली. मग २०२२ मध्ये ती ६ए मध्ये गेली. तेव्हा ६ए ची सीमारेषा २२२५ मुलांची होती. २०२४ मध्ये रेषा २२७५ वर सरकली आणि हायलँड पार्क परत ५ए मध्ये आली. त्याच वर्षी ती ५ए च्या अंतिम सामन्यात पोहोचली आणि स्मिथसन व्हॅलीकडून हरली. या दोन वर्षांत त्या शाळेचं शिक्षण आधी सुधारून मग बिघडलं का? टेक्सासमधल्या सर्वात श्रीमंत वस्त्यांपैकी एकीची ती शाळा आहे. तिथल्या घरांच्या किमती पाहिल्या तर ‘५ए म्हणजे दुय्यम’ असं म्हणणाऱ्यानं एकदा थांबून विचार करावा.

आता तिसरा मुद्दा, डिव्हिजन वन आणि डिव्हिजन टू. यात खूप जाणकार माणसंही चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

५ए आणि खालच्या गटांत डिव्हिजन आधीच ठरलेली असते. दर सम वर्षी फेब्रुवारीत यूआयएल नवी विभागणी जाहीर करते तेव्हाच शाळेला कळतं की पुढची दोन वर्षं आपण वन मध्ये की टू मध्ये. ६ए चं तसं नाही. तिथे डिव्हिजन प्रत्येक मोसमाच्या शेवटी ठरते. ६ए मध्ये ३२ डिस्ट्रिक्ट आहेत. इथे डिस्ट्रिक्ट म्हणजे साखळी सामन्यांचा गट, शाळा मंडळाचा जिल्हा नव्हे. प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून चार संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, जातात. मग या चौघांचा पट शेजारी शेजारी ठेवतात. ज्या दोन शाळांत मुलं जास्त त्या डिव्हिजन वन मध्ये, कमी असलेल्या दोन डिव्हिजन टू मध्ये. प्रत्येकीत ६४ संघ, सहा फेऱ्या, दोन वेगळे राज्य विजेते.

थोडक्यात, डिस्ट्रिक्टमध्ये पहिला आलेला संघ डिव्हिजन टू मध्ये जाऊ शकतो आणि चौथा आलेला डिव्हिजन वन मध्ये. गुणतक्त्यातल्या जागेवरून डिव्हिजन ठरत नाही. त्याहून गंमतीची बाब म्हणजे शाळेचा स्वतःचा पट एका मुलानंही न बदलता तिची डिव्हिजन दरवर्षी बदलू शकते, कारण बरोबर कोणते तीन संघ पात्र ठरले यावर ते अवलंबून आहे. शेवटच्या आठवड्यात कुणी मोठी शाळा चौथी जागा घेऊन गेली की काल वन मध्ये जाणारा संघ आज टू मध्ये. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात स्टेडियममधले बाप लोक कागदावर ही आकडेमोड करत बसलेले असतात. मीही बसलो आहे.

आणि डिव्हिजन टू म्हणजे उरलेले? २०२३ चा मोसम आठवा. डंकनव्हिल आणि डीसोटो या डॅलसच्या दक्षिणेकडच्या दोन शाळा एकाच डिस्ट्रिक्टमध्ये होत्या. डंकनव्हिलचा पट मोठा, म्हणून ती डिव्हिजन वन मध्ये गेली आणि नॉर्थ शोरला हरवून विजेती ठरली. डीसोटो डिव्हिजन टू मध्ये गेली आणि अंतिम सामन्यात समर क्रीकला ७४-१४ असं धुवून काढलं. त्या मोसमात डीसोटो एकही सामना हरली नाही, साखळीत डंकनव्हिलविरुद्धचाही नाही. म्हणजे ‘खऱ्या दादां’च्या विजेत्याला ‘उरलेल्यां’च्या विजेत्यानं त्याच वर्षी आधी हरवलेलं होतं. यावर मला आणखी काही म्हणायचं नाही.

चौथा आरोप आकडे फिरवण्याचा. तो गंभीर आहे, म्हणून आधी पद्धत समजून घेऊ. मोजणी एकाच दिवशी होते, ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी. महाराष्ट्रात ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते आणि शिक्षकांची पदं ठरतात, तसंच हे. दिवाळी याच सुमारास येते, म्हणून काही पालक विचारतात की त्या दिवशी मुलाला घरी ठेवलं तर? काही फरक पडत नाही. मोजला जातो तो पट, हजेरी नव्हे. आणि राज्याच्या शिक्षण खात्याला द्यायच्या माहितीचा दिवसही तोच असतो. एकाच दिवसाचे दोन वेगळे आकडे दोन ठिकाणी दिले तर ते शेजारी ठेवून कुणालाही पाहता येतात.

त्याहून मोठी अडचण म्हणजे सीमारेषा आधी माहीतच नसते. सगळ्या शाळांचे आकडे जमल्यानंतर यूआयएल रेषा कुठे ओढायची ते ठरवते. २०२० मध्ये ६ए साठी २२२० होती, २०२२ मध्ये २२२५, २०२४ मध्ये २२७५. पंधरा-वीस मुलं कमी दाखवून ‘खाली’ यावं म्हटलं, तरी नेमकं कशाच्या खाली यायचं हेच ऑक्टोबरमध्ये कुणाला कळत नाही. कमी पट असताना वरच्या गटात खेळायची मागणी शाळा करू शकते. खालच्या गटात खेळायची नाही. त्यामुळे ‘सोयीचा गट’ हा शब्दच इथे लागू पडत नाही.

यात खरं असलेलं एवढंच की हद्दी बदलतात. नवं हायस्कूल उघडलं की जुन्या शाळेतली चार-पाचशे मुलं तिकडे जातात आणि जुनी शाळा एक गट खाली येऊ शकते. तेव्हा पालकांच्या सभा तापतात. पण या हद्दी निवडून आलेलं मंडळ उघड बैठकीत ठरवतं आणि त्यामागची कारणं बहुतेक वेळा वर्गखोल्या आणि बस यांचीच असतात.

शेवटचा मुद्दा राहिला: डोकी कशाला मोजायची? महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धांचे गट वयानुसार असतात, १४, १७, १९ वर्षांखालील, आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण असते. तिथून आलेल्याला पटाचा निकष विचित्र वाटणं मी समजू शकतो. पण अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाईला अकरा, बचावाला अकरा, लाथेच्या खेळ्यांना आणखी वेगळे, आणि दर आठवड्याला कुणाचा तरी गुडघा किंवा खांदा जातोच. मोठ्या शाळेत मैदानाबाहेर साठ-सत्तर मुलं तयार उभी असतात. लहान शाळेत तीच पंधरा मुलं चढाई करतात, बचाव करतात, आणि चौथ्या सत्रात त्यांना धड उभंही राहवत नाही. दमलेल्या मुलावर ताजातवाना, वीस किलो जड गडी येऊन आदळला तर काय होतं हे मी पाहिलं आहे. इथे आधी मुलांच्या हाडांची काळजी आहे, न्याय-अन्यायाची चर्चा त्यानंतर.

म्हणूनच १०४.९ आणि त्याखालच्या पटाच्या शाळांना सहा जणांचा फुटबॉल खेळता येतो. मैदान ८० यार्ड लांब आणि ४० यार्ड रुंद, चढाई चालू ठेवायची नवी संधी मिळायला दहाऐवजी १५ यार्ड पुढे जायचं, चेंडू झेलायला सगळे पात्र, आणि मध्यंतरानंतर कुणी ४५ गुणांनी पुढे गेलं की सामना तिथेच थांबतो. पश्चिम टेक्सासच्या कापसाच्या शेतांमधल्या गावांत हा खेळ पाहायला अख्खं गाव येतं. पटानुसार गट नसते तर या मुलांना संघच नसता.

पट सगळं सांगत नाही, हे मी स्वतःच म्हणतो. ६ए ला वरची मर्यादा नाही. २३०० मुलांची शाळा आणि पाच हजारांहून जास्त मुलांची ॲलन एकाच गटात खेळतात, आणि दोन डिव्हिजन करून ही दरी अर्धवटच बुजते. शिवाय पटाला गरिबी दिसत नाही. ज्या घरात मुलगा शाळेनंतर दुकानात काम करतो तो सरावाला येत नाही, पण मोजणीत तो एक असतोच. मिनेसोटानं यावर उपाय केला आहे: सवलतीचं जेवण मिळणाऱ्या मुलांचा काही हिस्सा पटातून वजा करून मगच गट ठरतो. इंडियानात २०१३ पासून सतत जिंकणाऱ्या संघाला वरच्या गटात पाठवतात, म्हणजे मजकुरातला तो दुसरा मुद्दा तिथे लागू पडला असता. टेक्सासनं मिनेसोटाचा नियम घ्यावा असं मला मनापासून वाटतं, आणि इंडियानाचा घेऊ नये असंही. आज जिंकणारी पोरं दोन वर्षांत पदवी घेऊन निघून जातात आणि वरच्या गटात मार खातात ती त्यांची धाकटी भावंडं.

त्या जोडप्यासाठी मी एवढंच केलं: त्यांच्या मनातल्या दोन्ही शाळांच्या संकेतस्थळांवरची श्रेणी, वर्गातली संख्या आणि बँडमधल्या जागा एका कागदावर लिहून दिल्या. गटाचा रकाना ठेवलाच नाही.