प्रश्न ‘बंद’, अळी पोंग्यातच

मक्यावर लष्करी अळी दिसली की शेतकऱ्याच्या हातात मोजकेच दिवस असतात. अंडी दोन-तीन दिवसांत उबतात, अळी साधारण दोन आठवडे पाने खाते, आणि ती मोठी होऊन पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, खोल शिरली की वरून कितीही फवारले तरी औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. अशा वेळी फोटो काढून शेतीसल्ल्याच्या ॲपवर विचारलेल्या प्रश्नाला आठवडा उलटून गेल्यावर ‘शिफारशीनुसार फवारणी करावी, अधिक माहितीसाठी नजीकच्या कृषी कार्यालयाशी संपर्क साधावा’ असे उत्तर येते, आणि पाठोपाठ ‘आपल्या शंकेचे निरसन झाले आहे’ असा दुसरा संदेश येऊन तो प्रश्न परस्पर बंदही केला जातो, तेव्हा तळपायाची आग मस्तकात जाते. निरसन झाले, हे कोणी ठरवले? ज्याचे पीक आहे त्याला एका शब्दाने तरी विचारले का?

हा प्रश्न पाठवतानाच माणूस किती थकतो, हे ॲप बनवणाऱ्यांनी एकदा भर उन्हात पिकात उभे राहून पाहावे. आधी ओटीपी मागतात. शेतात रेंज नसल्यामुळे तो येत नाही, म्हणून बांध ओलांडून रस्त्यापर्यंत चालत जावे लागते. ओटीपी आला की परत पिकात येऊन फोटो काढायचा, तर फाइल मोठी आहे म्हणून ती नाकारली जाते. एवढे सगळे पार पडल्यावर एक यादी समोर येते आणि तिच्यातून रोगाचे किंवा किडीचे नाव निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रोग ओळखता येत असता तर विचारले कशाला असते? बिनरेंजच्या शेतात चालणारे ॲप बनवता येत नाही, हे कारण तर कोणी सांगूच नये. आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांसाठी पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठ आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांनी नुरू नावाचे ॲप आणले, ते याच लष्करी अळीचे नुकसान ओळखते आणि इंटरनेट नसतानाही चालते. म्हणजे अडचण तंत्रज्ञानाची नाही. शेत कसे असते याचा विचार करण्याची तसदी कोणी घेतलेली नाही.

संदेशांचेही तेच. शेतकऱ्यांच्या मोबाइलवर सल्ल्याचे संदेश पाठवणारे केंद्र सरकारचे एमकिसान पोर्टल 2013 साली सुरू झाले आणि तेव्हापासून किती कोटी संदेश गेले याचे आकडे आपण ऐकत आलो आहोत. पाठवलेला संदेश म्हणजे दिलेला सल्ला, हे समीकरण मला मुळातच मान्य नाही. एकाच शिवारात एकाची पेरणी पहिल्या पावसावर झालेली असते आणि दुसऱ्याची तीन आठवड्यांनी. तरीही दोघांना एकाच दिवशी ‘पीक फुलोऱ्यात असताना पाण्याचा ताण पडू देऊ नये’ हा एकच मजकूर जातो. बाहेर पावसाची झड लागलेली असताना फवारणीचा सल्ला येतो, कारण तो आधीच लिहून ठेवलेला असतो आणि साऱ्या जिल्ह्यासाठी मिळून एकच असतो. उंटावरून शेळ्या हाकण्याचाच हा प्रकार आहे. जिल्हा पातळीवर हवामान पाहून पिकाचा सल्ला तयार करण्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांमध्ये 199 कृषी-हवामान कक्ष उभारले होते, तेही 2024 मध्ये बंद करण्यात आले. सल्ला शेताच्या जवळ आणायचा सोडून तो आणखी लांब नेला, याचा मला विलक्षण संताप येतो.

संगणक नव्हते तेव्हा सगळे आलबेल होते, असे माझे म्हणणे नाही. सत्तरच्या दशकात कृषितज्ज्ञ डॅनियल बेनोर यांनी मांडलेली आणि जागतिक बँकेच्या पैशावर राबवलेली शेतीसल्ल्याची ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धत खर्चिक होती, वरून खाली आदेश देणारी होती आणि पुढे ती मोडीतही निघाली. पण तिच्यात एक गोष्ट पक्की ठरलेली होती: शेतीसल्ला देणारा विस्तार कर्मचारी ठरावीक वारी गावात यायचा, शेतकऱ्याची अडचण विषयतज्ज्ञाकडे न्यायचा, आणि तिथून ती संशोधकापर्यंत पोहोचणे अपेक्षित असायचे. प्रश्नाला वर जायला वाट होती. त्या वाटेला लागणारे पंधरा दिवस फोनमुळे पंधरा मिनिटांवर आणता आले असते. आपण ती वाटच बुजवली आणि वरून खाली संदेश सोडणारा नळ तेवढा मोठा केला.

वर काहीच जात नाही असेही नाही, कारण अहवाल मात्र भरभरून जातात. कृषी सहायक बांधावर येतो, शेतकऱ्याला पिकात उभे करतो, अक्षांश-रेखांशासह फोटो काढतो, तो अपलोड होईपर्यंत फोन उंच धरून उभा राहतो आणि पुढच्या शेताकडे निघतो. पानाची मागची बाजू उलटून पाहायला त्याला वेळच उरत नाही. मी त्याला दोष देत नाही. एकच माहिती त्याला वेगवेगळ्या ॲपवर भरावी लागते आणि साहेब विचारतात ते फोटो किती झाले एवढेच. जे तंत्रज्ञान त्याचे ओझे कमी करायला आणले, त्यानेच त्याला शेतकऱ्याशी बोलण्यापासून तोडले आहे.

हे सगळे वेगळ्या पद्धतीने करता येते, हे सिद्ध होऊनही कित्येक वर्षे लोटली आहेत, म्हणून राग अधिक येतो. गुजरातमध्ये ‘आवाज ओटलो’ या सेवेत शेतकरी साध्या फोनवरून स्वतःच्या आवाजात प्रश्न नोंदवत, आणि त्याचे उत्तर इतरांनाही ऐकता येई. डिजिटल ग्रीन या संस्थेने शेतकऱ्यांनीच केलेल्या कामाचे व्हिडिओ गावातल्या गटांत दाखवले, आणि ते थांबवून चर्चा घडवून आणायला तिथे माणूस ठेवला. या दोन्ही ठिकाणी यंत्राच्या आधी माणसाचा विचार झाला होता. 2004 पासून चालू असलेल्या किसान कॉल सेंटरवर निदान माणसाचा आवाज ऐकू येतो आणि आपल्या भाषेत बोलता येते, ही जमेची बाजू मी मान्य करतो; पण पलीकडच्या माणसाला शेत दिसत नाही. आणि खुरपताना, वेचणी करताना कीड सर्वांत आधी ज्या बाईच्या नजरेस पडते, तिच्या नावावर बहुतेक वेळा ना सातबारा असतो ना फोन, त्यामुळे या सगळ्या नोंदणीत ती कुठेच नसते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे चॅटबॉट आले आहेत. ते चांगले उत्तर देणार असतील तर मला हवेच आहेत. पण कीटकनाशकाचे प्रमाण चुकले तर पीक करपते, फवारणाऱ्याला विषबाधा होते, आणि त्याची जबाबदारी कोणावर हे कोणीही लिहून देत नाही. खात्री नसेल तिथे यंत्राने अंदाज न बांधता तो प्रश्न त्याच दिवशी तज्ज्ञाकडे सोपवला पाहिजे, उत्तराखाली तज्ज्ञाचे नाव पाहिजे, आणि प्रश्न बंद करण्याचे बटण फक्त शेतकऱ्याच्या फोनवर पाहिजे. ही काही मोठी मागणी नाही. प्रत्येक नवा प्रकल्प आला की आम्ही पुन्हा नाव, गट नंबर, पीक, क्षेत्र आणि आधार क्रमांक भरायचा, निधी संपला की ते ॲप बंद पडणार आणि त्यात अडकलेल्या आमच्या प्रश्नांचे काय झाले हे कोणी सांगणार नाही, हे यापुढे सहन करायची माझी तयारी नाही. नव्या ॲपचे उद्घाटन करण्याआधी जुन्या ॲपवर किती प्रश्न आले, त्यांतल्या किती जणांना पीक हाताशी असताना उत्तर मिळाले आणि किती जणांचे पीक त्या उत्तराने वाचले, याचा हिशेब गावाच्या चावडीवर लावा.