पालक शाळेकडे फिरकू नयेत यासाठी मुख्याध्यापकांनी काय करावे

नवीन मुख्याध्यापक झालात? अभिनंदन! किल्ल्या, कॅशबुक, डेडस्टॉक रजिस्टर आणि पोषण आहाराच्या तांदळाचा कधीच न जुळणारा हिशेब एवढं ताब्यात घेतलंत की खरी कटकट समोर उभी राहते. पालक. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि या मंडळींना थेट कारभारातच आणून बसवलं. शाळा व्यवस्थापन समितीत १२ ते १६ सदस्य, त्यातले ७५ टक्के पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांमधलाच. आणि तुम्ही? नुसते सदस्य सचिव. पण हातपाय गाळू नका. कायद्याचं एक अक्षरही न मोडता तो निकामी कसा करायचा याची रीत आपल्याकडे चांगली रुळलेली आहे.

सुरुवात समितीच्या निवडीपासून करा. निवड पालकसभेतून व्हावी लागते, तेव्हा सभा जरूर लावा, फक्त दवंडी नको. नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवा, घरपट्टीच्या नोटिशीखाली अर्धी झाकेल अशी. नावं आदल्या रात्री सरपंचांच्या ओट्यावर पक्की करून टाका. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पालकांना जागा द्यावीच लागते, त्यासाठी तांड्यावरचं असं कुटुंब शोधा जे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातं आणि उन्हाळ्यातच परततं. प्रतिनिधित्व पूर्ण, आणि अर्धं वर्ष खुर्ची रिकामी.

अध्यक्षपदी महिला असेल तर उत्तम. एका पदात दोन माणसं मिळतात: सहीला त्या, बोलायला त्यांचे मिस्टर.

सभा महिन्यातून एकदा घ्यायची असते. ती मंगळवारी सकाळी अकराला ठेवा, आणि शक्यतो सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी ऐन भरात असताना. सभेला यायचं म्हणजे बाईचा रोज बुडतो, त्यामुळे उपस्थितीचा प्रश्न आपोआप सुटतो. निरोप आदल्या रात्री साडेनऊला ग्रुपवर टाका. चुकूनही संध्याकाळी सातची वेळ देऊ नका. गावच्या आठवडी बाजाराचा दिवस तर नकोच नको, त्या दिवशी पुष्कळ मजुरांना सुट्टी असते आणि माणसं खरंच यायची.

ग्रुपची सेटिंग ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील’ अशी ठेवा. संवाद सुरळीत राहतो.

आलेच कोणी, तर पाहुण्यांना खुर्च्या, बापांना बाक आणि आयांना मागची सतरंजी.

आता मुख्य विषय, इतिवृत्ताची वही. सभा झाली नाही तरी चालतं, वही चुकली तर मेमो येतो, हे ध्यानात ठेवा. डाव्या पानावर तारीख आणि विषय लिहा. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचा, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. मधली जागा कोरी सोडा. सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर, एवढं मात्र आधीच लिहून ठेवा. उजव्या पानावर नावं, नावांपुढे सहीच्या रेघा. मग वही एखाद्या मुलाच्या दप्तरात घाला आणि म्हणा, जा, आईची सही घेऊन ये.

परवाच अशी एक वही एका घरी येऊन थडकली. आणणारी तिसरीतली मुलगी. वर गेल्या महिन्याची तारीख, खाली चौदा नावं, त्यातल्या नऊंच्या सह्या आधीच झालेल्या, मधला मजकूर गायब. आई चुलीपुढून उठली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, वाच गं, काय लिहिलंय? पोरगी म्हणाली, काहीच नाही, सर म्हणाले लगेच आण. आईने सही केली. न करून करते काय? नाही म्हणावं तर उद्या वर्गात पोरीलाच उभं करतील.

त्या कोऱ्या जागेत नंतर काय भरलं जातं, ठाऊक आहे ना? ३१ ते १०० पटाच्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान म्हणून वर्षाला २५ हजारांपर्यंत रक्कम मंजूर होते. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. त्या खर्चाची मंजुरी याच कोऱ्या जागेत उतरते. फिनेल, झाडू, रंगरंगोटी, किरकोळ दुरुस्ती, सगळं सर्वानुमते. आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही! शंभर रुपयांची कडी! दोघीजणी जातात, एक आत आणि एक बाहेर दार धरून उभी. ज्या बाईने सही केली तिचीच पोरगी दार धरून उभी असते हो! तिला सभेत एकदा नुसतं विचारलं असतं, काय हवं शाळेत, तर तिने पहिल्या वाक्यात कडी सांगितली असती. म्हणून तर विचारायचं नाही.

असो. सल्ल्याकडे वळू.

शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो आणि तो समितीने करायचा असतो. तुम्ही शेजारच्या शाळेचा मागवून घ्या. शाळेचं नाव तेवढं बदला, ते राहून गेल्याचे प्रकार घडलेले आहेत.

घरच्या टीमकडेही लक्ष हवं. ज्या शिक्षकाला संगणक येतो त्याच्यावर यू-डायस म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती, आधार पडताळणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, आहाराची रोजची ऑनलाइन नोंद आणि सगळ्या उपक्रमांचे फोटो एवढं सोपवा. त्याचा वर्ग मॉनिटर सांभाळील. बाकीच्यांना कुठलं काम कुठवर आलंय याचा पत्ता लागू देऊ नका, म्हणजे तो एक जण रजेवर गेला की शाळाच रजेवर. कामांची वाटणी लिहून भिंतीवर लावणं, शनिवारी शाळा सुटल्यावर वीस मिनिटं एकत्र बसून कोणत्या वर्गात कोणतं पोर मागे पडलंय ते बोलणं, हे फाजील लाड आहेत. एखाद्या मॅडम स्वतःहून वस्तीवर जाऊन आया-बापांना भेटत असतील तर त्यांना ‘जरा जास्तच करतात’ म्हणा. पुढच्या वर्षी त्या थांबतील.

पालकसभेत आधार, बँक खातं, गणवेशाचं माप आणि जन्मतारखेतली चूक यांवरच बोला. पोराला वाचता किती येतं, हे काढू नका.

आणि एवढं सगळं बिनचूक पार पाडून शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, उभं राहून म्हणा, ‘पालकच उदासीन आहेत, साहेब.’

कसले उदासीन? लाज वाटायला हवी असं म्हणताना. मतदारयादीचं काम, निवडणुकीची ड्युटी, रोज नवी लिंक, हे सगळं तुमच्या मानगुटीवर आहे, मान्य. पण वही पोराच्या दप्तरातून पाठवा असं कुठल्या शासन निर्णयात लिहिलंय? आणि आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख साहेब, तुम्ही भेटीला येऊन वहीतल्या सह्या मोजता. त्यातल्या एका तरी बाईला कधी विचारलंत, ताई, सभेत काय ठरलं? महिन्यातून एक तास लागतो हो. सात दिवस आधी निरोप, संध्याकाळची वेळ, सगळ्यांना एकाच उंचीचं बसायला. जमाखर्च मोठ्याने वाचा. मग प्रत्येक पोराला आईसमोर उतारा द्या, अडलं तर वाक्य, तेही अडलं तर शब्द, नाहीतर अक्षर. पोर कुठे अडतं ते अंगठेबहाद्दर आईलाही दोन मिनिटांत दिसतं. घरी काय करायचं ते तिला तिथेच सांगा.

तुम्ही ते करत नाही. मग तिसरीतल्या पोरीला जोडाक्षर येत नाही हे आईला पाचवी संपताना कळतं, आणि ती बोलायला येत नाही, शाळा सोडल्याचा दाखला मागायला येते. पट घसरतो, पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत एक शिक्षक कमी होतो, आणि तेव्हा मात्र पंचायत समितीसमोर उपोषणाला बसायला तुम्हाला हेच पालक हवे असतात.