अठराचा फरक आणि ‘खोटं’ ग्लुकोमीटर

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरणारा दावा असा: ‘घरच्या मशीनवर शुगर १६८, त्याच दिवशी लॅबमध्ये १५०. अठराचा फरक! दोनदा टोचलं तर दोन आकडे. मशीन खोटं, लॅब खरी. फेकून द्या.’

आधी तो अठरा बघू. ही निरपेक्ष त्रुटी, नुसतं अंतर. ती मोठी की किरकोळ, हे १५० समोर ठेवल्याशिवाय ठरत नाही. १८ भागिले १५० म्हणजे ०.१२, ही सापेक्ष त्रुटी, टक्क्यांत १२. आयएसओ १५१९७ हे ग्लुकोमीटरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक (२०१३) सांगतं की साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा वर असेल, तर मशीनचे ९५ टक्के आकडे लॅबच्या ±१५ टक्क्यांत बसले पाहिजेत. १५० ला ही मुभा साडेबावीसची. मशीन पास.

१०० च्या खाली मात्र टक्के सोडून सरळ ±१५ मिलिग्रॅम धरतात. कारण ६० चे १५ टक्के म्हणजे जेमतेम ९; एका थेंबावर चालणाऱ्या पट्टीकडून इतकी अपेक्षा जरा जास्तच. पण खरी साखर ६० असताना मशीनने ७८ दाखवले, तर तोच अठरा ३० टक्के होतो आणि मानकाबाहेर जातो. ७० च्या खालची साखर धोक्याची, आणि इथे माणूस ७८ बघून निवांत झोपणार! घाबरायचंच असेल तर या अठराला घाबरा.

दोनदा टोचल्यावर दोन आकडे येणारच. समजा १४६, १५२, १५५ आले. सरासरी १५१, तिच्यापासूनचे फरक ५, १, ४, त्यांची सरासरी ३.३, म्हणजे सुमारे २.२ टक्के. अकरावीच्या प्रॅक्टिकलला हेच गणित करतो, तेव्हा कुणी व्हर्नियर (बारीक लांबी मोजायचं साधन) फेकून देत नाही. हां, आंबा चिरून हात न धुता टोचलंत तर आकडा उगाच चढेल. तो दोष मशीनचा नव्हे.

लॅब जास्त भरवशाची, हे मान्य. पण ‘त्याच दिवशी’ म्हणजे त्याच वेळी नव्हे. शिवाय जेवणानंतर बोटातल्या रक्तात शिरेतल्यापेक्षा साखर मुळातच जास्त असते. नळीतलं रक्त तसंच पडून राहिलं, तर पेशी तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर खातात. म्हणून तर शुगरसाठी राखाडी झाकणाची, हे खाणं रोखणाऱ्या फ्लोराइडची नळी असते.

मशीनवर संशय असेलच, तर उपाशीपोटी लॅबमध्ये रक्त देतानाच बोट टोचून बघा, दोन-तीन खेपा. दर खेपेला मशीन २० टक्के वरच दाखवत असेल, तर सरासरी काढून ती त्रुटी जाणार नाही. पट्ट्यांची मुदत बघा, नवी डबी उघडा. तरी तेच आलं तर मशीन बदला.