रिकाम्या खोक्याला काट्यावर जागा का नाही?

मध्यंतरी सुका कचरा वेगळा करण्याच्या एका शेडमध्ये अर्धा दिवस बसले होते. कचरावेचक बायका ढिगातून माल निवडत होत्या. बाटल्या एका पोत्यात, पुठ्ठा दुसऱ्यात, डबे-कॅन तिसऱ्यात. हात इतके सरावलेले, की वस्तूकडे बघावंही लागत नव्हतं. दुधाचं किंवा ज्यूसचं टेट्रापॅकसारखं खोकं हाताला लागलं की मात्र ते सरळ मागे भिरकावलं जायचं. मी विचारलं, "मावशी, हे का नाही घेत?" त्या म्हणाल्या, "घेऊन करू काय? काट्यावर ठेवलं तर शेठ उचलून बाहेर टाकतो. वर आंबलेल्या दुधाचा वास पोत्याला लागतो तो वेगळाच."

घरी आल्यावर तसलंच एक खोकं धुतलं, कात्रीने कापलं आणि बादलीत भिजत घातलं. पाणी फक्त कापलेल्या कडांतून आत शिरत होतं, कारण दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा थर असतो. दुसऱ्या दिवशी कागद लगद्यासारखा सुटून आला आणि हातात एक चंदेरी कातडं उरलं. त्यातलं ॲल्युमिनियम नखाने काही सुटेना. त्या कातड्यातच सगळं अर्थकारण अडकलेलं आहे.

वजनाने बघितलं तर या खोक्यात साधारण ७५ टक्के कागद, २० टक्के पॉलिथिन आणि ५ टक्के ॲल्युमिनियम असतं. कागद चांगला, लांब धाग्याचा असतो. पुन्हा पुन्हा वापरून ज्यांच्या रद्दीचे धागे आखूड झालेत, त्या कागद कारखान्यांना तो हवाच असतो. मोठ्या टाकीत पाण्याबरोबर अर्धा तास घुसळलं की तो सुटतो, रसायनंही लागत नाहीत. पण उरलेल्या चंदेरी भागाचं करायचं काय? शीतपेयाचा कॅन कुणी रस्त्यावर पडू देत नाही, कारण जुनं ॲल्युमिनियम वितळवताना नवं बनवण्यापेक्षा सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. म्हणून कॅनला भंगारात भाव मिळतो आणि तो कायदा नसतानाही टिकतो. खोक्यातलं ॲल्युमिनियम मात्र केसाच्या दहाव्या हिश्शाएवढं पातळ, वर दोन्हीकडून प्लास्टिकला चिकटलेलं.

ब्राझीलमध्ये २००५ साली पिरासिकाबा शहरात प्लाझ्माच्या, म्हणजे विजेने अतिशय तापवलेल्या वायूच्या, प्रचंड उष्णतेने प्लास्टिक आणि धातू वेगळं करणारा कारखाना सुरू झाला. मला स्वतःला त्यापेक्षा साधा मार्ग जास्त पटतो. हा चंदेरी भाग बारीक कापायचा आणि गरम दाबयंत्रात दाबायचा. पॉलिथिन वितळून स्वतःच गोंदाचं काम करतं आणि छपरासाठी पत्रे तयार होतात. भांडवल कमी लागतं, आणि पत्र्यांना गिऱ्हाईक जवळच मिळतं.

मग अडतं कुठे? गोळा करण्यात. लिटरचं रिकामं खोकं भरतं जेमतेम तीस ग्रॅम. लहान, स्ट्रॉवालं खोकं दहाच्या आसपास. म्हणजे एका किलोसाठी अशी शंभर खोकी वाकून उचलायची, चेपायची, वाहून न्यायची. टनाला एक लाख! कागद कारखाना लांब असेल तर ट्रक भरेल एवढ्या गासड्या साठवायला जागा हवी, दाबयंत्र हवं, आणि माल विकला जाईपर्यंत थांबायची ऐपत हवी. भंगारवाल्याकडे यातलं काही नसतं. तो खोकं फेकतो यात मला त्याचा दोष दिसत नाही.

त्यात रद्दीचा भाव जगाच्या बाजारावर हलतो. २०१८ मध्ये चीनने मिश्र रद्दीची आयात बंद केली आणि दूरदूरच्या देशांत तिचे भाव कोसळले. ज्या मालाचा भाव असा कधीही पडू शकतो, त्यासाठी कुणी वेगळं पोतं का लावावं?

या खोक्यांवर बंदी घाला असं मी म्हणणार नाही. जिथे वीज जाते, फ्रीज नाही, शीतगृहांची साखळी नाही, तिथे महिनोन्‌महिने न नासणारं दूध ही फार मोठी गोष्ट आहे. काचेच्या बाटलीपेक्षा वाहतुकीतही वजन वाचतं. हा सगळा फायदा विकणाऱ्याला आणि पिणाऱ्याला मिळतो. रिकामं खोकं मात्र मावशींच्या पायाशी येऊन पडतं, आणि हे मला अजिबात मान्य नाही.

'उत्पादकाची जबाबदारी' हे शब्द आता बऱ्याच देशांच्या कायद्यात आलेत. ब्राझीलने २०१० च्या कायद्यात कंपन्यांवर माल परत गोळा करण्याचं बंधन घातलं आणि त्यात कचरावेचकांच्या सहकारी संस्थांनाही स्थान दिलं. ही दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नाहीतर कंपन्यांनी भरलेले पैसे 'इतका कचरा गोळा झाला' अशा प्रमाणपत्रांत आणि जनजागृतीच्या फलकांत जिरतात, वेचणाऱ्या हातापर्यंत काही पोचत नाही.

मला हवाय तो किमान भाव. बाजार पडला तरी न पडणारा, कंपन्यांच्या पैशांतून दिलेला, काट्याशेजारच्या पाटीवर लिहिलेला आणि माल मोजल्या जागी हातात पडणारा. वस्तू महाग होईल म्हणणाऱ्यांनी हिशोब करून बघावा. किलोला जो काही भाव ठरेल, तो लहान खोक्यांच्या बाबतीत शंभरांवर वाटला जाणार आहे. आजही खोक्याच्या किमतीत छपाईची शाई, स्ट्रॉ आणि जाहिरातीचा खर्च धरलेला असतोच. रिकामं खोकं उचलण्याचा खर्चही त्यातच धरा.