गाडी थांबली की लाइट जाते

दारव्ह्याकडच्या आमच्या पट्ट्यात माणसाला कसलीही हौस असावी, फक्त जिला करंट लागतो अशी नसावी. भजन करा, पत्ते कुटा, पोळ्याला बैलजोड्यांचे फोटो काढत हिंडा, कोणी हरकत घेणार नाही. मला मात्र केस पांढरे झाल्यावर वाफेच्या इंजिनाला दिवा बसवायची हुक्की आली. इंजिन खेळण्यातलं म्हटलं तर मला राग येतो, म्हणून मॉडेल म्हणू. भाच्यानं पुण्याहून आणून दिलेलं, कोणीतरी वापरून विकलेलं, विलायती बनावटीचं. रुळांना १२ व्होल्टपर्यंत डीसी दिला की पळतं. चिमणी आहे, घुमट आहे, पुढे एक कंदीलसुद्धा आहे, पण भरीव प्लास्टिकचा. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे, तिथल्या गाड्या पाहून आल्यापासून हा मुका कंदील मला बघवेना.

माझं कृषी केंद्र आहे. दिवाळी उलटली की तुरीवरच्या अळीचा सीझन, गर्दी फार नाही आणि नाही असंही नाही. काउंटरवर एका बाजूला औषधांच्या बाटल्या, दुसऱ्या बाजूला चार हात रूळ आणि इंजिन. गुपचूप काम करायचं म्हटलं तरी आमच्याकडे दुकानात बसून काही गुपचूप होत नाही. पहिल्याच गिऱ्हाइकानं इंजिन उचललं, उलटं केलं, चाक फिरवून पाहिलं आणि जाहीर केलं, "शकुंतला हाय." शकुंतला म्हणजे आमच्या यवतमाळ-मूर्तिजापूर लाइनीवरची छोटी गाडी.

मी समजावलं. बाबा रे, हे १:७६ मापाचं इंग्रजी इंजिन, याचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद. आपली शकुंतला अडीच फुटी रुळांवरची, म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागून पाहा, या रुळांवर शकुंतला बसवायची तर १:४६ चं माप येतं, म्हणजे ती याच्याहून बरीच दांडगी दिसेल. कागदावर भागाकार करून दाखवला. बाकावरच्या सगळ्यांनी तो शांतपणे पाहिला.

"बराबर हाय," एक जण म्हणाला. "म्हणजे शकुंतलाच न?"

यवतमाळ ते मूर्तिजापूर रस्त्यावरच्या माणसाला वाफेचं दुसरं इंजिन ठाऊकच नाही, त्याला मी काय करणार? १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं ते झेडडी वर्गाचं इंजिन १९९४ पर्यंत या लाइनीवर धूर ओकत होतं. मग डिझेल आलं, मग गाडीच बंद झाली, आणि आता रुळांत बाभळी माजल्यात. वऱ्हाडचा कापूस वाहायला गोऱ्यांनी टाकलेली लाइन. तिच्यातून कोणी शाळेत गेलं, कोणी लग्नाला, कोणी नुसतंच फुकट. त्यामुळे चाळिशीच्या वरच्या प्रत्येकाकडे तिच्या दिव्याबद्दल एक पक्कं मत होतं आणि कोणतीही दोन मतं जुळत नव्हती.

"लाइट पिवळी होती."

"पांढरी फक्क होती. म्या सोता पाह्यली."

"तू तवा पाळण्यात होता बे!"

शेवटी प्रकरण आबाजींकडे गेलं. आबाजी रिटायर्ड गँगमन. त्यांनी चष्मा पुसला, इंजिन डोळ्याजवळ नेलं आणि म्हणाले, "दिवा मागून पाह्यजे. पुढचं तं डायव्हर पाह्यते. मागचा लाल दिवा नसला का गाडी पुरी आली का अर्धी रस्त्यात राह्यली, हे ठेसन मास्तरले कसं कळन?" मुद्दा बिनतोड होता. पण तो लाल दिवा शेवटच्या डब्याला असतो आणि माझ्याकडे डबा नव्हता. आबाजींनी फारच दयेनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा दिवा लावायची परवानगी दिली.

आता या कामाला काय काय लागतं पाहा. कंदिलाला भोक पाडायचं एक मिलिमीटरचं, एवढा बारीक ड्रिल बाजारात मिळत नाही. तो सोनाराकडे मिळाला. सोनारानं आधी इंजिन पितळेचं आहे का ते विचारलं, प्लास्टिकचं म्हटल्यावर चेहरा पाडून भोक पाडून दिलं. तार पाहिजे केसाएवढी, वार्निश चढवलेली तांब्याची, म्हणून गेलो मोटर वाइंडिंगच्या दुकानात. तिथे जळालेल्या पाणबुडी मोटरांची रांग लागलेली, आणि पंख्याच्या वाइंडिंगची ३६ गेजची तार रिळावर.

"किती किलो देऊ?"

"दोन वाव."

त्यानं हातातली मोटर खाली ठेवली. "भाऊ, दोन वाव तार तं माह्या मिशीले गुंडाळून राह्यते." आणि खरंच त्यानं अंगावरून झटकून तेवढी काढून दिली. पैसे घेतले नाहीत, पण ही तार कशाला म्हणून विचारलं. इंजिनाच्या दिव्याला म्हणालो. "पंपाच्या इंजिनाच्या?" "रेल्वेच्या." त्यानंतर तो माझ्याशी जरा जपून बोलतो.

दिवा म्हणजे ०६०३ मापाचा एलईडी. लांबी १.६ मिलिमीटर, रुंदी ०.८. आमच्या दुकानात तिळाचं बियाणं असतं, त्याचा दाणा या दिव्याशेजारी ठेवला तर ऐसपैस वाटतो. त्याच्या एका टोकाला ऋण बाजूची हिरवी खूण असते म्हणे. ती पाहायला मी फुलकिडे मोजायचं दहापट भिंग काढलं. कपाशीच्या पानाखालचे किडे ज्या भिंगातून स्पष्ट दिसतात, त्यातून ही खूण कशीबशी दिसली. वार्निश ब्लेडनं खरवडलं, कारण ते राहिलं तर करंट जात नाही. दोन तारांची टोकं कथलात बुडवून घेतली. सोल्डर गन तापली. श्वास रोखला. चिमट्यानं एलईडी धरला. आणि लाइट गेली.

यात नवीन काही नाही. आमच्याकडे शेताला वीज रात्री असली तर गावाला दिवसा नसते आणि गावाला असली तर कशी असेल सांगता येत नाही. गन थंड होत बसली. मी एलईडी कागदावर ठेवले, वहीत उधारी लिहीत बसलो. थोड्या वेळानं लाइट आली. लाइट आली म्हणजे बंद करायचा राहिलेला पंखाही आला, पाचच्या स्पीडवर. काउंटरवरचं पाकीट, पावत्या आणि सगळे एलईडी एकदम निघाले. पंख्याचं बटण गिऱ्हाइकानं दाबून ठेवलं होतं, हे इथे नोंदवून ठेवतो. मग दुकान झाडलं, कचरा चाळणीनं चाळला. सरकी निघाली, ज्वारी निघाली, बायकोच्या कानातल्याची हरवलेली फिरकी निघाली. त्या फिरकीमुळे घरात माझ्या छंदाला काही काळ अभय मिळालं. एलईडी नवे मागवले, आणि मागवताना ऊबदार पांढरे मागवले. हा रंग असा की पिवळीवाल्यांना पिवळा दिसतो आणि पांढरीवाल्यांना पांढरा. पंचायतीत असा एक माणूस असता तर बरं झालं असतं.

रेझिस्टरचा, म्हणजे करंट आवरणाऱ्या तुकड्याचा, हिशेब सोपा आहे. बारा व्होल्टांतले तीन एलईडी खातो, उरले नऊ. एक किलो-ओहम लावला तर नऊ मिलिअँपिअर जातात, आणि एलईडीला वीसपर्यंत चालतात. म्हणजे पुस्तकात बसणारी गोष्ट. लावला. कंदिलातून जो झोत निघाला, तो समोरच्या बाकावरच्या माणसाच्या थेट डोळ्यांत.

"हायवेचा ट्रक हाय का हा?" त्यानं डोळ्यांवर हात धरला.

शिवाय प्लास्टिकचं अंग आरपार उजळलं. चिमणीखालचा भाग लालबुंद, जोडांमधून उजेड गळतोय, कुठे काही फुटल्याशिवाय राहणार नाही असं वाटावं. आतून काळा रंग दिला की हे थांबतं. पोरीची काळी नेलपॉलिश यासाठी उत्तम, दोन हात दिले की उजेड अडतो. ("बाबा, ती दीडशे रुपयांची होती." होती.) आणि रेझिस्टर वाढवत वाढवत दहा किलो-ओहमवर नेला, तेव्हा एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी करंटावर रॉकेलच्या दिव्याचा उजेड पडला. आयुष्यभर आम्ही जास्त व्होल्टेजसाठी अर्ज केले, आणि इथे मी कमी उजेडासाठी घाम गाळत होतो.

एलईडी कंदिलात चिकटवायचा राहिला होता. मी साधा पांढरा गोंद लावणार होतो, तो वाळला की पारदर्शक होतो आणि भिंगाचं काम करतो. तेवढ्यात शेजारच्या मोबाइलवाल्यानं मदत म्हणून आपल्याकडच्या झटपट गोंदाचा थेंब सोडला. त्या गोंदाची वाफ बसते आणि प्लास्टिकवर पांढरं सावट येतं. कंदिलाला मोतीबिंदू झाला. तो खरवडून काढेपर्यंत मोबाइलवाला "आता पक्कं बसलं न पण?" असं विचारत उभा होता.

मग गाडी सोडली. दिवा लागला, विझला, लागला, विझला. फडफड फडफड. रुळावरून करंट चाकात, चाकातून आत, असा सगळा मामला असल्यामुळे मध्ये काडीभर कचरा आला तरी दिवा मिचकावतो. मोटर जडत्वावर पुढे जाते, दिव्याला जडत्व नसतं. आणि कचरा म्हणाल तर भाव वाढेल या आशेवर अर्ध्या गावाचा कापूस घराघरांत भरलेला, माझ्या मागच्या खोलीतही. त्याचे तंतू हवेत, तेच चाकांच्या आसाला. शंभर वर्षांपूर्वी रेल्वे कापसासाठी आली, आता कापूस रेल्वेवर चढून बसला. रूळ पुसायला कोरोनातलं उरलेलं सॅनिटायझर काढलं, त्यात अल्कोहोल असतं, रूळ लखलखतात. ते कामाला आलेलं पाहून बायकोला पाच लिटरच्या त्या कॅनबद्दल पहिल्यांदाच समाधान वाटलं.

आबाजींनी ही फडफड पाहिली, काही बोलले नाहीत, आणि लेकीकडे अमरावतीला गेले.

फडफड कमी झाली तसा दुसरा आक्षेप आला, तोही एका शाळकरी पोट्ट्याकडून. "काका, गाडी ठेसनात थांबली का लाइट जाते. मंग लोकं चढतीन कशे?"

याला उत्तर नव्हतं. रुळात करंट आहे तोवर गाडीही चालते आणि दिवाही लागतो. करंट बंद, दोन्ही बंद. विलायतेत आता रुळात कायम करंट ठेवतात आणि इंजिनातली चिप कधी पळायचं, कधी दिवा लावायचा ते ठरवते. त्या चिपेची आणि तिला हुकूम सोडणाऱ्या खोक्याची किंमत ऐकली आणि फोन ठेवला. मी देशी उपाय केला. चार डायोडांचा ब्रिज, म्हणजे गाडी उलटी गेली तरी दिवा लागतो, आणि पुढे २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे करंट साठवायची छोटी टाकी. तो बसेना, म्हणून मागच्या कोळशाच्या पेटीत उभा खुपसला आणि वरून चुलीतल्या कोळशाची चुरी चिकटवली. आता मधल्या कचऱ्याला दिवा दाद देत नाही आणि गाडी थांबली की दोन-तीन सेकंद मंद होत होत जातो.

"दोन-तीन सेकंदात एक म्हातारी चढते," बाकावरचा म्हणाला.

"हाव, पण तिचं पोतं खालीच राह्यते."

गावाची लाइट जायची सोय मात्र वेगळी लावली. भाच्यानं दिलेला कंट्रोलर २३० व्होल्टांवरचा, तो निम्मा दिवस शोभेचा. पण माझ्या दुकानात फवारणीचे बॅटरीपंप आहेत, आत १२ व्होल्टची ८ अँपिअर-अवरची बॅटरी, आणि धार कमी-जास्त करायची फिरकी. पंपाची मोटर काढून त्याच तारा रुळाला जोडल्या. फिरकी वळवली की शकुंतला (मीही आता शकुंतलाच म्हणतो) सुटते. एका संध्याकाळी गाव अंधारात, दुकानात गर्दी, आणि काउंटरवर दिवा लावून गाडी या टोकाहून त्या टोकाला. एका गिऱ्हाइकानं सगळा खेळ शेवटपर्यंत पाहिला आणि तोच पंप मागितला. दुसरा नवा, सीलबंद काढून दिला तर नको म्हणाला. "हाच द्या. रेल्वे ओढते, म्हणजे दमदार हाय."

आबाजी अमरावतीहून आले ते थेट दुकानात. मी काही न बोलता गाडी सोडली. एवढं तेवढं न मिचकावता, स्थिर, ऊबदार दिवा रुळावरून सरकत गेला, थांबला, मंदावला. बाकावरच्यांनी आबाजींकडे पाहिलं.

"लाइट बरी हाय," आबाजी म्हणाले. "पण अशी नोती. शकुंतलेची लाइट फडफडे. मागच्या खेपेले तुमची बराबर फडफडत होती. मी पोरीले सांगतलंही, का लेकानं हुबेहूब केली म्हणून. ते काहून काढलं?"

कपॅसिटर कापायचा तर वरची कोळशाची चुरी उकरावी लागणार, ब्रिजची तार सोडवावी लागणार. मी सोल्डर गन शोधायला घरात गेलो. बायको दारातच होती, तिनं सगळं ऐकलं होतं. गन जागेवर नव्हती. ती कुठे आहे हे तिला माहीत आहे, आणि तूर निघेपर्यंत ती सांगणार नाही.