बिल थकवा, गाव घडवा

ग्रामीण विकासाची खरंच तळमळ असेल, तर गावातल्या छोट्या उद्योगाला दणदणीत ऑर्डर द्या. पैसे द्यायची घाई मात्र करू नका.

समजा, सांगलीकडच्या एखाद्या गावात हळदीची पाकिटं भरणारं युनिट आहे. दहा-बारा बाया कामाला येतात. शनिवारी हातात पडलेली मजुरी रविवारच्या बाजारात किराणावाल्याकडे, शिंप्याकडे, मुलांच्या वह्यांवर जाते. पैसा असा गावातल्या गावात फिरू लागला तर लोक शहराकडे यायचेच थांबतील. मग तुमच्या गेटवर वॉचमन कोण उभा राहणार?

आता कायदा. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल, करार काहीही असो, 45 दिवसांच्या आत चुकतं करायचं असतं. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. दचकू नका. व्याज मागायला युनिटच्या मालकाला फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या बिलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जावं लागेल, आणि गेला तर पुढची ऑर्डर विसरावी लागेल. हे त्याला न सांगता कळतं.

माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो स्वीकारला असं धरतात. म्हणून चौदाव्या दिवशी मेल टाका: ‘रंग जरा फिका वाटतोय.’ हळदीचा, पाकिटाचा की मालकाच्या चेहऱ्याचा, ते मोघम ठेवा.

आयकरवाल्यांनीही एक मेख मारून ठेवली आहे: सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर दिल्याशिवाय तो खर्च कर मोजताना धरता येत नाही. यावरही तोड आहे. त्याला चहा पाजून विचारा, ‘ती छोट्या उद्योगाची सरकारी उद्यम नोंदणी रद्द केलीत तर? आम्हाला जरा सोपं जाईल.’

तोवर बायांची मजुरी भागवायला तो मुद्रा कर्ज काढेल. 2024 च्या अर्थसंकल्पात त्याची मर्यादा, आधीचं कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी, 10 वरून 20 लाखांवर नेली आहे. बँक त्याला व्याजाने देते, तो तुम्हाला बिनव्याजी. ग्रामीण भागातून शहरात भांडवल येत नाही, असं कोण म्हणतं?

आणि हो, कंपनीच्या वर्धापनदिनाला ‘ग्रामोद्योगांना साथ’ असा बॅनर लावा. पाहुण्यांना त्याच हळदीची पाकिटं भेट द्या. मागवताना एवढंच सांगा, आधीच्या बिलात लावून टाका.