सरकार, पण कोणतं?

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती लातूरहून. आठवीत आहे. माझ्या दुकानात गल्ल्याशेजारी स्टूल टाकून नागरिकशास्त्र पाठ करायली होती. "संघसूची 97, राज्यसूची 66, समवर्ती सूची 47." पाढे म्हणावेत तशी, डोळे मिटून. कोणता विषय केंद्राचा, कोणता राज्याचा आणि कोणता दोघांचा, त्या मूळ घटनेतल्या तीन याद्या. मी सहज विचारलं, बाळा, सोयाबीनला भाव मिळंना झालाय, ते कुणाच्या सूचीत?

तिनं दोन पानं उलटली आणि म्हणाली, "सरकारच्या."

कोणत्या?

"मामा, सरकारच्या म्हणजे सरकारच्या!"

तिला काय बोल लावायचा? अहमदपुरात माझं कृषी सेवा केंद्र आहे. दिवसभरात हा शब्द किती वेळा कानावर पडतो, मोजदाद नाही. युरियाची गाडी आली नाही, सरकार. विजेचा डीपी जळाला, सरकार. गावातली नाली तुंबली तरी सरकारच. आपल्याकडं सरकार म्हणजे पावसासारखं झालंय. कुठून येतं कुणी विचारत नाही, आलं नाही की सगळ्यांनी वर बघायचं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, वाद घालायचा त्यांनी खुशाल घाला. मुलांना या तीन याद्या पाठ करायला लावण्याआधी त्यांच्या हातात खताचं एक बिल द्यावं.

मी दिलं. बिलाच्या तळाला दोन ओळी असतात: सीजीएसटी अडीच टक्के, एसजीएसटी अडीच टक्के. म्हटलं, वरचे अडीच दिल्लीचे, खालचे अडीच मुंबईचे. "एकाच बॅगवर दोघं पण घेतात?" हो, घेतात. फवारणीच्या औषधावर नऊ आणि नऊ. गंमत बघा, तिच्या पुस्तकातल्या तिन्ही याद्या चाळल्या तरी जीएसटी सापडायचा नाही. 101 व्या घटनादुरुस्तीनं 2016 साली एक वेगळं कलम घालून दोघांनाही हा कर लावायचा अधिकार दिला आणि 1 जुलै 2017 पासून तो सुरू झाला. आमच्या दुकानात रोज दिसणारा विषय, आणि पाठ केलेल्या यादीत त्याला जागाच नाही.

मग युरियाची बॅग दाखवली. 45 किलो, 266 रुपये 50 पैसे. हा दर दिल्लीत ठरतो, अनुदानही तिकडूनच. पण ती विकायचा माझा परवाना राज्याच्या कृषी खात्याचा, आणि साठा तपासायला येणारे साहेबही राज्याचेच. ती म्हणाली, "मग तुम्ही कुणाचे?" म्हटलं, मी बँकेचा.

सोयाबीनचं मात्र मलाही नीट उलगडून सांगता येईना, कारण ते उलगडण्यासारखं नाहीच. शेती राज्यसूचीत आहे, स्पष्ट. मोंढा, म्हणजे शेतमालाचा बाजार, चालतो राज्याच्या कायद्यानं. पण हमीभाव जाहीर करते दिल्ली, 2025 च्या खरिपाचा होता क्विंटलला 5,328. बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावर शुल्क किती लावायचं तेही दिल्ली ठरवते, आणि ते उतरलं की इथं मोंढ्यात आमच्या सोयाबीनची मान खाली जाते. हमीभावानं घ्यायचा पैसा केंद्राच्या योजनेचा, केंद्रं उघडून मापं टाकायचं काम राज्याच्या यंत्रणेचं. माल 12 टक्क्यांपेक्षा ओला निघाला की परत. 2024 साली ती अट 15 टक्क्यांपर्यंत सैल झाली, तीसुद्धा दिल्लीहून. आता हा शेतकरी भांडणार कुणाशी? दोघं एकमेकांकडं बोट दाखवू शकतात, आणि दोघांचंही अर्धं खरं असतं. अधिकाराची वाटणी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण वाटणी कळलीच नाही तर फायदा बोट दाखवणाऱ्याचा होतो. मुलांना हे शिकवायला पाहिजे, आणि परीक्षेत नेमकं हेच कुणी विचारत नाही.

मी स्वतः काय फार शहाणा नाही. एका रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी दीड वर्ष एका कार्यालयात अर्ज देत होतो. शेवटी तिथल्याच एका शिपायानं सांगितलं, हा रस्ता आमचा नाहीच. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असला की राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला की राज्याचा. तो पिवळा दगड माझ्या रोजच्या वाटेवर होता.

तिला सगळ्यात आवडली ती पाण्याची गाडी. 2016 च्या दुष्काळात ती चार वर्षांची होती, आठवत काहीच नाही. लातुरात टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावली होती, तिची आई घागरी घेऊन नंबरला उभी असायची. पाणी राज्याचा विषय, पण राज्याकडं रेल्वे नाही. रेल्वे केंद्राची, पण केंद्राला लातूरच्या गल्ल्या माहीत नाहीत. मग एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनापासून पुढं घरापर्यंत पाणी पोचवायचं काम महापालिकेच्या टँकरचं. एका घागरीत तीन सरकारं! (याच मार्गावर पूर्वी बार्शी लाइटची अरुंद गाडी चालायची, हे आमच्या आज्जाचं ठरलेलं पालुपद.)

आज्जाचा विषय निघाला तेव्हा तिनं विचारलं, रेल्वे दिल्लीकडंच का? तिला म्हटलं, आज्जाच्या लहानपणी आपण निजामाच्या राज्यात होतो. निजामाची रेल्वे वेगळी, टपालाची तिकिटं वेगळी, फौज वेगळी, रुपयाही वेगळा, त्याला हाली म्हणायचे. बार्शी इंग्रजांची, तिथं कलदार चालायचा. बैल घ्यायला बार्शीच्या बाजारात गेलं की आधी नाणं बदलायचं, आणि बदलणारा त्याचं कापून घ्यायचा. 17 सप्टेंबर 1948 ला ते राज्य संपलं. नाणं, टपाल, रेल्वे, सैन्य हे सगळं संघसूचीत का, ते तिला त्या कापलेल्या पैशांवरून कळलं. मला दुसरं काही सांगावं लागलं नाही.

आणि जे माहीत नाही असं वाटत होतं, त्यातलं एक तिला आधीच पक्कं ठाऊक होतं. नीटची परीक्षा देशाची एकच. पण राज्यातल्या सरकारी मेडिकलच्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात आणि 85 टक्के राज्याच्या. लातूरच्या पोरांना हे दूध पितानाच कळत असावं. म्हटलं, शिक्षण 1976 पर्यंत राज्यसूचीत होतं, मग 42 व्या दुरुस्तीनं समवर्ती सूचीत गेलं, तुझे पंधरा आणि पंच्याऐंशी त्या घरातले. "मग असं सांगायचं ना आधी," म्हणाली.

परवा तिची चाचणी झाली. प्रश्न आला: केंद्र व राज्य यांच्यातील अधिकारविभागणी स्पष्ट करा, गुण चार. तिनं खताचं बिल आणि पाण्याची गाडी लिहिली. दोन गुण मिळाले. शेरा: सूचीतील विषयांची संख्या लिहिली नाही.

रात्री फोन आला. मला वाटलं रडत असेल. तर म्हणे, "मामा, एखादं जुनं बिल पाठवा ना, शेतकऱ्याचं नाव खोडून. मॅडमला दाखवायचंय."

10:26:26 खताच्या दोन बॅगांचं पाठवलंय.